सिंह त्यांचे, अक्षरं माझी

मला अक्षरं आधी उलटी आली, सुलटी नंतर. शाळेत मास्तरांनी पाटीवर 'क' काढायला सांगितला, तर मी आरशातला 'क' काढला आणि हातावर छडी खाल्ली. घरी येऊन रडले तेव्हा माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, पोट धरून हसले. म्हणाले, "मास्तराला सांग, माजी पोर कागदावर नाय, मिठावर लिवते."

आबा घणसोलीच्या मिठागरांसाठी लाकडी छापे कोरायचे. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे तेव्हा पांढऱ्या राशी असत. तयार मिठाची रास बांधावर रचली की तिच्या अंगावर जागोजागी ओल्या चिखलाचा लेप देऊन त्यावर मोठा लाकडी छापा दाबत. रात्री कुणी मीठ उचललं तर छाप मोडायचा आणि चोरी उघडी पडायची. छाप सुलटा उठायला हवा, म्हणून लाकडातली अक्षरं उलटी. घरात मी जी अक्षरं पाहिली ती सगळी तशीच होती. मास्तरांना हे कळायला वर्ष गेलं, मला सुलटं लिहायला त्याहून थोडं जास्त.

लोक मला विचारतात, बाई असून शिक्के कोरायच्या धंद्यात कशी आलीस? मी आले नाही, चालत चालत पोचले. लग्न होऊन मी बेलापुरात आले. माझे यजमान धर्माजी मिठागरावर मुकादम होते. बेलापूरच्या बाजारात वजुभाईंचं दुकान होतं. ते मूळचे गुजरातेतल्या खंबातचे. त्यांचे वडील मिठाच्या व्यापाऱ्यांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. वजुभाई कचेऱ्यांचे पितळी शिक्के कोरत आणि मिठागरांच्या लाकडी छाप्यांचं काम आबांना देत. आबांची बोटं संधिवाताने आखडली तेव्हा त्यांच्याकडचा एक अर्धा राहिलेला छापा मी माहेरपणात पुरा केला आणि बेलापूरला परतताना वजुभाईंकडे नेऊन दिला.

त्यांनी तो हातात घेतला, उन्हात तिरपा धरला.

"हा छापा आबाने नाय केला."

"अर्धा केला."

"अने बाकी?"

"मी."

त्यांनी मग छाप्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. आत वळून चहा ठेवायला बायकोला हाक मारली, "शांता, चहा मूक." आणि मला विचारलं, "हिराबेन, पितळ कोरशील?"

धर्माजी घरी नाही म्हणाले नाहीत. माझ्या सासूबाई मात्र चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच डबा भरून दिला.

धंदा काय असतो ते थोडक्यात सांगते. पितळेची जाड चकती घ्यायची आणि ती गरम राळेच्या गोळ्यात रुतवून घट्ट बसवायची, म्हणजे हलत नाही. मग कोरणीने एकेक रेघ काढत जायचं. जे लाखेवर उंच दिसायला हवं ते पितळेत खोल. जे डावीकडे हवं ते उजवीकडे. खाचेच्या भिंती जरा तिरक्या ठेवायच्या, नाहीतर लाख आत अडकून बसते आणि शिक्का उचलताना छाप फाटतो. काम कुठवर आलं ते पाहायचं तर चकती दिव्याच्या काजळीवर धरायची आणि ओलसर कागदावर दाबायची. काळ्या पोटात पांढरी अक्षरं उमटतात. हे पाहणं म्हणजे या धंद्यातलं सगळं सुख. चूक झाली तर मात्र पितळेवरची रेघ पेन्सिलीसारखी खोडता येत नाही. चकती घासून पातळ करायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

राज्याचा शिक्का हा आमच्या दुकानात मानाचं काम. तो कुणीही कोरू शकत नसे, वरून लेखी मंजुरी यावी लागे. वजुभाईंच्या वडिलांनी इंग्रजांच्या काळात मुकुट कोरला होता, त्याच्या एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला शिंग असलेला घोडा. स्वातंत्र्य आलं तेव्हा मुकुट गेला आणि खांबावरचे सिंह आले. चार सिंह, दिसतात तीन. खाली चक्र, बैल, घोडा आणि ब्रीदवाक्य. बाहेरच्या कड्यात राज्याचं आणि कचेरीचं नाव. 'मुंबई इलाखा' जाऊन 'मुंबई राज्य' झालं, मग गुजरात आणि आम्ही एकत्र असलेलं मोठं द्वैभाषिक राज्य झालं. सरकार बदललं की लोक मिरवणूक काढत आणि आम्ही कोरण्यांना धार लावत असू.

जुना शिक्का रद्द करायचीही रीत होती. तालुक्याच्या कचेरीतले अव्वल कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, तो फडक्यात गुंडाळून आणत. त्यांच्यासमोर छिन्नीने तोंडावर आडवीउभी फुली मारायची. पहिल्यांदा मी हातोडी उचलली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "जरा हळू हं. उभी नोकरी याच्यासोबत काढलीय मी." मी हळूच मारली. पण मारली.

आमच्या दोघांच्या कामाची वाटणी आपोआप झाली. वजुभाईंचे सिंह असे की लाखेतून बाहेर येतील असं वाटावं. पण मराठी अक्षरांशी त्यांचं जमत नसे. गुजराती लिपीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे त्यांची शिरोरेघ नेहमी डगमगायची. त्यात शिक्क्याच्या कड्यात ती रेघ गोल वळवायची, तीही उलटी. ते कंटाळून म्हणायचे, "तुमच्या अक्षरांना छप्पर कशाला पाहिजे?" मी म्हणायची, "आमच्याकडं पाऊस जास्त पडतो." तर सिंह ते कोरायचे, अक्षरं मी.

कचेऱ्यांखेरीज इतर गिऱ्हाइकंही यायची. एका खोताला आपल्या नावाच्या शिक्क्यावर राज्याचेच सिंह हवे होते. वजुभाईंनी समजावलं की ते फक्त सरकारला चालतात. खोत म्हणाले, "मग वाघ काढा." वाघ काढला. तो त्यांना सिंहापेक्षा जास्त आवडला, कारण त्याची मिशी त्यांच्यासारखी होती.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे सारसोळ्याचे कोळी. त्यांनी मासेमारांची सोसायटी काढली होती आणि तिला शिक्का हवा होता. शिक्क्यावर होडी हवी, यावर सगळ्यांचं एकमत. मी होडी काढली, शीड फुगलेलं, नाळ म्हणजे पुढचं टोक डावीकडे. त्यांचे म्हातारे पुढारी काशिनाथ नाखवा काजळीचा कागद डोळ्यांशी नेऊन बघत राहिले.

"ही होरी चाललीय कुठं?"

"दर्यात," मी म्हणाले.

"मग मना नको. आमच्या बायका रोज बंदरावर उभ्या राहून जाणारी होरी बघतात. सोसायटीच्या कागदावर तरी ती येताना दिसू दे."

गोल चकतीत होडी येतेय की जातेय हे दाखवायचं कसं? मी तिची दिशा फिरवली. नाखवा म्हणाले, आता दुसऱ्या बाजूनं चाललीय. मी आठवडाभर डोकं खाजवत होते. शेवटी शांताबेन भाजी निवडता निवडता म्हणाली, "किनारो काढ ने." एवढंच! मी नाळेच्या पुढे एक माड आणि किनाऱ्याची रेघ काढली, आणि शीड अर्धं उतरवलं. बंदर जवळ आलं की शीड उतरवतात हे कुठल्याही कोळ्याला सांगावं लागत नाही. नाखव्यांनी कागद पाहिला आणि तिथल्या तिथे डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. ती त्यांची पसंती होती. जाताना शांताबेनच्या हातात पापलेटांची जोडी देऊ लागले. ती पक्की शाकाहारी. तिने दोन बोटांनी टोपली धरून माझ्याकडे सरकवली.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले. धर्माजी त्यात पहिल्यापासून होते. सत्याग्रह केला, तुरुंगात जाऊन आले. ते आत असताना मी रोज दुकानात जात होते, आणि माझा मालक गुजराती होता. गावात कुजबुज व्हायची. दुकानात मात्र कधी त्या विषयावर वाकडा शब्द निघाला नाही. शांताबेन संध्याकाळी माझ्या सासूबाईंपाशी येऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्र मिळाला. बेलापुरात ढोल वाजले, सासूबाईंनी दारात रांगोळी काढली. आमच्याकडे मंजुरीचा कागद आला. तालुक्याच्या कचेरीचा नवा शिक्का, कड्यात 'महाराष्ट्र'. वजुभाईंनी त्याच दिवशी चकती राळेत बसवली. मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मी चेष्टेत विचारलं, "तुम्ही कशाला खूश? तुमचं राज्य तर तिकडं झालं." ते कोरणी न थांबवता म्हणाले, "मारी दुकान तो इधरज छे ने."

सिंह पुरे झाले त्या दिवशी दुपारी दुकानासमोर पंधरावीस जण आले. पुढे बाळाराम, धर्माजींचा चळवळीतला जोडीदार. चांगला माणूस, पण तेव्हा अंगात वारं होतं. धर्माजी सगळ्यांच्या मागे, दाराच्या खांबाला टेकून उभे. घरी मला काही बोलले नव्हते.

"वजुभाय," बाळाराम म्हणाला, "तुमच्याशी आमचं भांडण नाय. पन ह्यो शिक्का तुमी कोरायचा नाय. ह्या राज्यापायी आमची मानसं मेलीत. त्याचा पयला शिक्का गुजराती हातानं नको."

वजुभाईंनी कोरणी खाली ठेवली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत वर केला. म्हणाले, "बराबर छे. तुमचा राज्य छे, तुमचा हक." आणि राळ तापवायला दिवा पुढे ओढला. चकती सोडवून द्यायला निघाले होते.

मला जे वाटलं त्याला राग हा शब्द पुरा पडत नाही. मी गोळ्यासकट चकती उचलली आणि दारात जाऊन उभी राहिले.

"बाळाराम, कड्यात बघ. काय दिसतं?"

"काय नाय. रिकामं हाय."

"तिथं महाराष्ट्र यायचाय. तो मी कोरनार. आबांची पोर, घनसोलीची. झालं समाधान? आता मधी बघ. सिंह हायेत. ते वजुभाईंचे. ते खरडून काढू म्हनतोस?"

"तू कोर की दुसरे."

"मना सिंह येत नाय. मी कोरला तर कुत्रा होतो. कचेरीच्या कागदावर महाराष्ट्राच्या मधोमध तीन कुत्रे बसवू? चालंल तुला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाळारामलाही हसू येत होतं, पण त्याने चेहरा ताठ ठेवला. "तरीपन..." म्हणाला आणि मागे वळून धर्माजींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मीही पाहिलं. खरं सांगते, ते काय बोलतील हे मला ठाऊक नव्हतं. संसाराला इतकी वर्षं झाली होती, तरी नव्हतं.

धर्माजी पुढे आले. माझ्या हातातली चकती घेतली, सिंहांवरून अंगठा फिरवला.

"मी आत होतो," ते बाळारामला म्हणाले, "तवा माजी बायको रोज ह्या दुकानात बसली. भायेर गाव काय काय बोलत होतं, तूबी ऐकलंस. हिथं तिला कोनी उनं बोललं नाय. गुजराती हाय म्हनून ह्या मानसाला कामावरून उठवायचं असंल तर आपन राज्य कशापायी मागितलं? आपल्या भाषेपायी मागितलं. अक्षरं आपली हायेत. कोरू दे."

बाळारामने मागच्या लोकांना हाताने मागे सारलं. मग म्हणाला, "छाप निगाला का आमाला दाखवायचा."

"पयला तुलाच," मी म्हणाले.

ते गेले. वजुभाई दिवा तसाच पेटता ठेवून बसले होते. मी चकती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नाक शिंकरलं आणि बैलाच्या शेपटीचं राहिलेलं काम हातात घेतलं.

'महाराष्ट्र' कोरणं सोपं नाही. 'ष्ट्र' म्हणजे छोट्या जागेत मोठं कुटुंब. एवढीशी जागा, त्यात पोटफोड्या ष, खाली ट, त्याच्या पायाशी र. लाखेत ते गुंता होऊन बसलं की संपलं. मी कागदावर किती वेळा काढून पाहिलं, मोजलं नाही. पण छाप उठला तो स्वच्छ. सांगितल्याप्रमाणे बाळारामला बोलावलं. लाल लाखेवर शिक्का दाबला, उचलला. तो वाकून पाहत राहिला. अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "म-हा-राष्ट्र." मग ओशाळून वजुभाईंना म्हणाला, "सिंह झ्याक झालेत, शेट." वजुभाई म्हणाले, "शिरोरेघ पण बघ. माझी नाय ती, म्हणून सीधी छे."

त्यानंतर दोनेक वर्षांत वजुभाई खंबातला परत गेले. गावाने त्यांना हाकललं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण लोक तसं गृहीत धरतात. त्यांची नजर गेली होती. कोरणाऱ्याची नजर गेली की तो घरच्या माणसांत जातो. दुकान, राळ, कोरण्या, सगळं माझ्या हवाली केलं. शांताबेन आणि सासूबाई अशा रडल्या की गाडीवाल्याने बैल सोडून विडी पेटवली.

आणि मग माझी परीक्षा आली. भाऊसाहेब नवं काम घेऊन आले. कचेरीचा मोठा शिक्का, तळहाताएवढा. महत्त्वाच्या कागदांसाठी. कड्याचं काम मी डोळे मिटून केलं असतं. पण मधे सिंह होते, आणि आता सिंह कोरणारं कुणी नव्हतं.

मी कोरले. छाप घेतला. धर्माजींना दाखवला. ते खोटं बोलत नसत, हा त्यांचा मोठा दोष.

"बोकड वाटतोय," ते म्हणाले.

घासलं, पुन्हा कोरलं. या वेळी म्हणाले, "बोकड म्हातारा झाला." मी कोरणी भिंतीवर फेकली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांकडे जाऊन काम परत द्यायचं असं ठरवून मी जेवायला बसले. धर्माजी भाताचा घास थांबवून म्हणाले, "काम कशाला परत देतेस? खंबातला जाऊ. मी येतो." ज्या माणसाने त्या राज्यापासून वेगळं व्हायला तुरुंग भोगला, त्याने स्वतः स्टेशनवर रांगेत उभं राहून तिकिटं काढली.

वजुभाईंच्या डोळ्यांवर पडदा आला होता. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी माझी चकती त्यांच्या हातात दिली. ते पाहू शकत नव्हते, म्हणून अंगठा आत घालून हळूहळू फिरवला. सिंहाच्या डोक्यापासून पायापर्यंत.

"हिराबेन," म्हणाले, "तू सिंह नाय कोरला. तू सिंह लिहिला."

मला कळलं नाही.

"अक्षर सगळं एकसारखं खोल. तसा तू सिंह केला. आयाळ खोल, पाय खोल, छाती पण तेवढीच. सिंहाची छाती लाखेत पुढे आली पाहिजे. मग पितळमां ती सगळ्यात खोल ने. पण तू तिथे बीते. वरवर खरवडते."

खरं होतं. मी घाबरत होते. खोल जाताना चकती फुटेल, काम वाया जाईल, अशी धास्ती होती. त्यांनी मला त्यांच्या ओटीवर बसवलं. रोज मी कोरायची, ते अंगठा फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "अजून." मी खोल जायची. "अजून." मी कोरणी पुन्हा रोवायची. "अजून, हिराबेन, पितळ तुझ्यापेक्षा मजबूत छे."

धर्माजी दिवसभर ओट्यावर म्हाताऱ्यांशी राजकारणावर वाद घालत, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. संध्याकाळी हलवासन नावाची तिथली मिठाई खात. निघायच्या आदल्या दिवशी वजुभाईंनी सिंहाच्या छातीवर अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "अजून" म्हणाले नाहीत. शांताबेनला हाक मारली. "शांता, चहा मूक."

मी त्यांना परत भेटू शकले नाही, याची खंत आहे. पुढे दुकान मी कितीतरी वर्षं चालवलं, रबरी शिक्के येईपर्यंत. पण ते सगळं सांगत बसत नाही.

शिक्का घेऊन मी कचेरीत गेले. भाऊसाहेबांनी मेणबत्तीवर लाख वितळवली, कागदावर ओतली, शिक्का दाबला, थंड होऊ दिला आणि उचलला. चष्मा पुसून पाहिलं. मग तो कागद खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला.

"वजुभाई आले होते का इकडे?"

"नाही."

"मग सिंह कुणाचे?"

"माझे."

"आणि अक्षरं?"

"तीही माझीच."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. शिक्का फडक्यात गुंडाळून तिजोरीत ठेवला, किल्ली फिरवली. मग शिपायाला हाक मारून टेबलासमोरची खुर्ची पुढे ओढायला सांगितली आणि म्हणाले, "हिराबाई, बसा. चहा घेऊनच जा."

इतकी वर्षं मी त्या कचेरीत येत होते. त्या दिवशी पहिल्यांदा बसले.